घेर्गिनाआजीचं पाणी

तोरिनो,
दि. १० जानेवारी १९९९

ती. सावेताताईस,
ओतिलियाचा शि. सा. न. वि. वि.

तुझं नाताळचं पत्र आणि अक्रोडांची पिशवी बसवाल्याने परवा पोचवली. पिशवी निम्मी होती. तू निम्मी भरली होतीस की त्याने वाटेत निम्मी संपवली ते कळव, म्हणजे कोणाच्या नावाने बोटं मोडायची ते ठरवता येईल.

माझं बरं चाललंय. मी सांभाळते ती सिन्योरा इर्मा नव्वदीला टेकली आहे, डोळ्यांनी अधू आणि जिभेने धडधाकट. माझ्या हातचं सगळं तिला बेचव लागतं, फक्त आजीचं आंबट सार सोडून. ते मात्र वाडगाभर पिते आणि वर म्हणते की हे काही सूप नव्हे, औषध आहे. कोंडा आंबवून केलेलं पाणी मी इथे कुठून आणणार? लिंबू पिळते. आजीला कळू नये म्हणजे झालं.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. मार्चमध्ये आजीला जाऊन वर्ष होईल, आणि ताई, ती एकदाही माझ्या स्वप्नात आलेली नाही. तुझ्या प्रत्येक पत्रात ती कुणाच्या ना कुणाच्या स्वप्नात येऊन गेलेली असते. तुझ्या आली, तुदोरमामाच्या आली, ज्याला तिने उभ्या जन्मात फाटकाच्या आत घेतलं नाही त्या पोस्टमनच्याही आली. आणि आई गेल्यावर जिला तिने कुशीत घेऊन वाढवलं, ती मी रोज वाट बघत डोळे मिटते आणि सकाळी सिन्योराच्या घंटीने जागी होते. मी मातीला आले नाही म्हणून ती रागावली आहे का गं? कागदपत्रं नसलेल्या माणसाने इथून पाय बाहेर काढला की परत येता येत नाही, हे तिला कोण समजावणार? तिला तोरिनो म्हणजे तालुक्याच्या पुढचं एखादं गाव वाटायचं.

मी एक शाल घेतली आहे. लोकरीची, गडद निळी. वर्षाच्या जेवणाला तिच्या नावाने कोणाला तरी दे. इथे घेणारीने पांघरली की तिकडे आजीला ऊब, एवढं तर आपल्याकडे शेंबडं पोरही जाणतं. फक्त बाई तिच्या वयाची आणि तिच्याच अंगाची बघ, नाहीतर शाल तिकडे आखूड पडायची. भावोजींना नमस्कार.

लोभ आहे, तो सीमेवर अडू देऊ नकोस.
तुझी,
ओतिलिया


फ्रासिनेत,
दि. २४ जानेवारी १९९९

चि. ओतिलिया हिस,
अ. उ. आ. वि. वि.

पिशवी गळ्यापर्यंत भरून दिली होती. बसवाल्याच्या नावाने माझ्या वाटचीही बोटं मोड.

तुझं पत्र वाचून आधी हसले, मग चुलीपाशी बसून रडले, आणि तेवढ्यात मक्याची मामालिगा करपली. तुझ्या भावोजींनी ती निमूट खाल्ली, यावरून मी किती रडले असेन ते समज.

अगं वेडे, आजी लोकांच्या स्वप्नात काय भेटायला येते? ती मागायला येते! तुदोरमामाला तिने म्हणे सांगितलं की तिकडे त्सुइका दारूचा थेंब मिळत नाही, तर गुत्त्यातल्या सज्जनांना माझ्या नावाने पाज. आपल्या आजीने त्सुइका खोकल्यात छातीला चोळण्यापलीकडे कधी वापरली नाही. पाद्रीबुवांच्या बायकोच्या स्वप्नात आजीला देवळासाठी नवा गालिचा हवा होता. माझ्या स्वप्नात ती कोंबड्या मोजते, एक कमी भरते, आणि माझ्याकडे बघते. हिला भेट म्हणायचं असेल तर तूच घे बाई ती.

आणि तिला तिकडे कमी ते काय पडणार? मामाच्या हाती कारभार गेला तर कोबीच्या पानांत गुंडाळलेल्या सरमाल्यांत खिमा शोधावा लागेल, म्हणून तिने स्वतःचं श्राद्धजेवण जिवंतपणीच उरकलं होतं. आपल्याकडे बरेच जण उरकतात, पण तिच्यासारखं कोणी उरकलं नाही. साखर रेशनवर होती, तरी तिने उकडलेल्या गव्हाचा डोंगर केला आणि वर अक्रोड पेरले. पलंग, टेबल, कंदील, कोंबडा, तिकडे लागेल ते सगळं आपल्या हाताने देऊन टाकलं. मग मधल्या खुर्चीत बसली, आणि पाद्रीबुवा तिच्या नावाने प्रार्थना म्हणायला लागले तेव्हा त्यांना म्हणाली की जरा मोठ्याने, मागच्या बाकांवर ऐकू जात नाही. शिवाय सरमाले खिम्याचे! आता मात्र ती गेली मार्चमध्ये, मोठ्या उपवासात, त्यामुळे वर्षाचं जेवण नुसत्या घेवड्यावर. मामा म्हणतो की माणसाने मरावं तरी महिना बघून.

त्याच जेवणात शेजारच्या सेवास्तिताआजीशी वाजलं, ते तुला आठवत असेलच. विलाप गावा तर सेवास्तितानेच, आणि मेल्यावर कुठला ऐकायला मिळतोय, म्हणून आजीने तिला समोर बसवून गायला लावलं. बायका रुमालाची टोकं डोळ्यांना लावायला लागल्या, आणि हिने सूर चढवला की अगं घेर्गिना, आता कोण गं माझ्या झाडाचे अक्रोड झोडपणार, कोण गं कुंपणावरून फांदी ओढणार! आजी ताडकन उठली आणि म्हणाली की बाई, मी अजून जिवंत आहे, उत्तर देऊ शकते. दिलंही. तेव्हापासून दोघींचा अबोला तो आजीबरोबरच गेला.

की तोही गेला नाही कोण जाणे. हे तुला लिहावं की नाही असं वाटत होतं. सेवास्तिताआजीने पोस्टमनजवळ बोलून दाखवलं की घेर्गिना तिच्या स्वप्नात येते ती फाटकाशी उभी राहते. हातात रिकामा पेला असतो. आत येत नाही, बोलत नाही, नुसती उभी. मेल्यावरही अबोला म्हणजे कमाल झाली. शाल पाठव, पण आजीच्या वयाची आणि अंगाची बाई गावात एकच उरली आहे, आणि ती कोण ते सांगायला नको.

सारात लिंबू पिळतेस? आठवतं ना, कोणाच्याही घरी गेली की बसायच्या आधी आजी चुलीवरचं झाकण उचलायची. मीठ कमी असलं तर गावभर बोंब. आणि पसंत पडलं तर एक अक्षर नाही, झाकण जसंच्या तसं परत ठेवायची आणि बसायची. माझ्या घरी तिने झाकण निमूट ठेवलं ते आयुष्यात एकदा, आणि त्या दिवशी स्वयंपाक सासूबाईंनी केला होता. तेव्हा लिंबाचं मी कोणाला सांगत नाही.

माया आहेच, तिला पत्राने पाणी घालत जा.
तुझी,
सावेता


तोरिनो,
दि. ७ फेब्रुवारी १९९९

ती. सावेताताईस,
शि. सा. न. वि. वि.

रिकामा पेला, एवढं वाचलं आणि माझ्या हातातून सिन्योराचं औषध सांडलं. ताई, तुमच्या कोणाच्या लक्षात कसं आलं नाही? ते पाणी!

पलंग दिला, कंदील दिला, सगळं दिलं. पाणी द्यायचं काम माझ्याकडे होतं. आजीने जेवणाच्या आधीच कबूल केलं होतं की पाणी सेवास्तिताच्या घरी जाईल, कारण तिच्या अंगणात विहीर नव्हती. मग ते भांडण झालं. मला वाटलं सुटले! पण दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत तिने मला गदागदा हलवलं, दोन बादल्या काठोकाठ भरून दिल्या आणि म्हणाली की माझं भांडण सेवास्तिताशी आहे, तिच्या घशाशी नाही. दीड महिना मी रोज त्या फाटकातून वाकडी होत गेले. सेवास्तिताआजी दात-ओठ खात पाणी घ्यायची, घोटभर प्यायची आणि घेर्गिनाला पोचो असं अशा सुरात म्हणायची की जणू शिवीच देते आहे. परत आले की आजी हळूच विचारायची की प्यायली का गं, काय म्हणाली. पोचो म्हणाली असं सांगितलं की खूश होऊन मला दुधावरची साय द्यायची.

आणि शेवटच्या दिवशी मला गालगुंड झालं. नदीवर जाऊन पाणी सोडायचं राहिलं. जिने वाहिलं तिने दिवा सोडून सांगायचं, जी प्यायली तिने साक्ष द्यायची, तेव्हा कुठे ते पाणी पुढे पोचतं. मी बरी झाल्यावर विचारलं, तर आजी म्हणाली की पुढच्या शनिवारी. पुढे किती शनिवार आले आणि गेले. मी तेरा वर्षांची, मला तर त्या बादल्या सुटल्याचाच आनंद होता.

म्हणजे तिकडे तिला पलंग आहे, कोंबडा आहे, आणि प्यायला पाणी नाही. मग ती माझ्याकडे कशाला येईल? मी इथे एका परक्या म्हातारीला तासातासाला पाणी पाजते, आणि माझी आजी दुसऱ्याच्या फाटकाशी रिकामा पेला घेऊन उभी आहे. ताई, चेष्टा करू नकोस, काहीतरी कर. तू सेवास्तिताआजीकडे जा. शाल बसवाल्याबरोबर पाठवली आहे. या वेळी पिशवी शिवून टाकली आहे.

उत्तराची वाट बघते. रागावलीस तरी चालेल, पण लवकर लिही.
तुझी,
ओतिलिया


फ्रासिनेत,
दि. २१ फेब्रुवारी १९९९

चि. ओतिलिया हिस,
शेजारच्या सेवास्तिताआजीचा पोटभर आशीर्वाद.

पोरी, अक्षर तुझ्या बहिणीचं आहे, बोलणं माझं. मधे तिने आपलं काही घुसडलं असेल तर ते माझं समजू नकोस. (घुसडणार. — सावेता)

तुझी बहीण काल आली आणि पाण्याचं विचारायला लागली. मी म्हटलं, आली का एकदाची आठवण! अगं, पाणी मी प्यायले, दीड महिना प्यायले, चांगलं गार पाणी होतं. तू बारीक होतीस, पण अर्ध्या वाटेत कधी सांडलं नाहीस. तुझ्या गालगुंडाचा यात काही संबंध नाही. गालगुंड आठ दिवसांत बरं होतं. आमचं दोघींचं बरं झालं नाही, त्यात तुझी काय चूक?

साक्षीला मी जायचं, हे मला ठाऊक होतं. पण बोलावणं पाणी देणारीने करायचं असतं. माझ्या फाटकाशी येऊन नुसतं म्हणायचं की सेवास्तिता, चल नदीवर. एवढं म्हटलं असतं तर मी चूल पेटती टाकून निघाले असते. ती म्हणे पाद्रीबुवांना सांगत होती की अक्रोडाचा शब्द परत घेतल्याशिवाय मी बोलावणार नाही. कसा घेऊ? झोडपायची ती! मी बोलावण्यासाठी अडून बसले, ती शब्दासाठी. मातीला पण मी गेले नाही, कारण कोणी बोलावलं नाही. बोलावणारी तीच एक, आणि ती पेटीत.

आता ती फाटकाशी येऊन उभी राहते. मी म्हणते, बोलाव ना गं मला! तर नुसतं पेला दाखवते. मेलीचा ताठा बघ.

तर ऐक. वर्षाच्या जेवणाच्या दिवशी, शनिवारी, उजाडताना मी जिलोर्त नदीवर येईन. पण तुझ्या बहिणीने घेर्गिनाच्या नावाने माझ्या फाटकाशी येऊन मला नीट हाक मारायची, अंगणातून ओरडायचं नाही. आणि नदीवर मी माझा विलाप पूर्ण गाणार, अक्रोडासकट. शाल चालेल. निळी आहे म्हणून चालेल. पिवळी असती तर परत पाठवली असती.

राहिलं तुझं. जिने वाहिलं तिनेच सांगायला हवं, दुसऱ्याच्या तोंडून चालत नाही. तुझ्या त्या गावाला नदी आहे ना? मग झालं. सगळं पाणी शेवटी एकच. आणि रडत जाऊ नकोस तिथे. परक्याच्या घरी रडलेलं बरं दिसत नाही.

ओतिलिया, मी सावेता. हिची अट ऐकून मामा म्हणाला की मेलेल्या बाईचं पाणी सोडताना तिलाच चोर म्हणायचं, ही कुठली रीत? मी म्हटलं, मामा, तुझ्या गुत्त्यातल्या सज्जनांपेक्षा बरी. मी हाक मारायला जाणार. लक्षात ठेव, आमचे सहा म्हणजे तुमचे पाच. तू आयुष्यात कधी वेळेवर उठली नाहीस, या वेळी ऊठ.

आमच्या दोघींची माया एकाच पाकिटात घालते आहे, सांभाळून फोड.
तुझी,
सावेता


फ्रासिनेत,
दि. २१ मार्च १९९९

चि. ओतिलिया हिस,
अ. उ. आ. वि. वि.

काल झालं सगळं. पाय अजून दुखतायत, पण तू वाट बघत असशील म्हणून आधी पत्र.

मी अंधारातच सेवास्तिताआजीच्या फाटकाशी गेले. ती चपला घालून, तुझी शाल पांघरून, दाराच्या आत तयार उभी होती, तरी मी हाक मारेपर्यंत बाहेर आली नाही. मी म्हटलं की सेवास्तिताआजी, घेर्गिना बोलावते आहे, चला नदीवर. तिने मला परत म्हणायला लावलं. म्हणाली की इतकी वर्षं थांबले आहे, दोनदा ऐकू दे.

नदीला पाणी चांगलं होतं. भोपळ्याच्या तुंब्यात मेणबत्ती लावून मी धरली, तुझं नाव घेतलं, आणि सेवास्तिताआजीने गुडघाभर पाण्यात उतरून साक्ष दिली. मी नको नको म्हणत होते, पण ऐकेल तर ती कसली. मग विलाप सुरू केला. मामा दात आवळून उभा होता. अक्रोडाचं कडवं आलं आणि म्हातारीचा आवाज फुटला. अगं घेर्गिना, तिने आळवलं, तुझ्या बाजूची फांदी मी कधी झोडपली नाही, दरवर्षी तुझ्यासाठी ठेवली, आता कोण गं ती ओढणार. ओतिलिया, हे कडवं त्या जेवणातही असंच होतं म्हणे, पुढे. पण आजीने तिला पुढे गाऊच दिलं नव्हतं! मामाच सगळ्यात मोठ्याने रडला. नंतर घेवडा तीनदा वाढून घेतला.

जेवणाला सेवास्तिताआजी मधल्या खुर्चीशेजारी बसली. आज सकाळी मी मुद्दाम विचारलं. म्हणाली की फाटकाशी कोणी नव्हतं, आणि बरं का, थोडं चुकल्यासारखंच वाटलं.

तू वेळेवर उठलीस ना? लिही लगेच.

लोभाला आता साक्षीदार आहेत, तो मोडू नये.
तुझी,
सावेता


तोरिनो,
दि. २१ मार्च १९९९

ती. सावेताताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाटेत असेल, पण मला धीर नाही.

मी उठले. झोपलेच नव्हते म्हण. सिन्योराला आदल्या दिवशी सगळं सांगितलं होतं, म्हणजे पाण्याचं, दिव्याचं. मला वाटलं ती मला वेडी म्हणेल. तिने तसं म्हटलं आणि मग कोशिंबिरीचा लाकडी वाडगा काढून दिला. तिच्या लग्नातला आहे. तुंब्याला इथे काय म्हणतात तेही मला ठाऊक नाही.

पो नदीच्या काठाला एक गळवाला बसला होता. मला वाडग्यात मेणबत्ती लावताना बघून म्हणाला की बाई, उजेडाला मासे येतात हे खोटं आहे. मी म्हटलं बघू तरी. मग मी वाकून वाडगा सोडला आणि आपल्या भाषेत मोठ्याने म्हटलं की सूर्या, तू साक्षी, नदी, तू साक्षी, हे पाणी मी ओतिलियाने वाहिलं, ते घेर्गिनाआजीचं आहे, तिला पोचो. आवाज इतका मोठा लागला की गळवाल्याने टोपी काढली. वाडगा एका दगडाला अडला, तर त्यानेच गळाच्या काठीने ढकलून दिला. पुलाखालून जाईपर्यंत दिवा दिसत होता.

घरी आले, सार टाकलं, आणि दिवसभर हलकं हलकं वाटलं. काल लवकर झोपले, केस विंचरून, चांगला झगा घालून. ताई, नाही आली. काही नाही. घंटीने जागी झाले आणि उशीत तोंड घालून रडले. सेवास्तिताआजीला सांगू नकोस.

मग सिन्योराला उठवायला गेले, तर ती भलत्याच घुश्शात. म्हणाली की माझ्या परवानगीशिवाय तू घरात माणसं कशी घेतेस? मी म्हटलं कोण माणसं? तर म्हणाली की पहाटे स्वप्नात एक बाई सरळ माझ्या स्वयंपाकघरात आली. डोक्याला रुमाल, अंगावर निळी शाल, हात ओले. नमस्कार नाही, काही नाही. कपाट उघडून बघितलं, तुझ्या खोलीत डोकावली, तुझं पांघरूण नीट केलं. मी म्हटलं, बाई, तुम्हाला काय हवं? तर मान हलवून म्हणाली की काही नको.

ताई, सिन्योराने आजीला कधी पाहिलेलं नाही. माझ्याकडे फोटोसुद्धा नाही, आणि असता तरी तिला दिसला नसता. शाल मी घरी आणली ती बांधलेली, आणि तशीच पाठवली.

मी विचारलं की मग ती गेली का? सिन्योरा म्हणाली की जाता जाता ती तुझ्या साराकडे गेली. झाकण उचललं, वास घेतला. मला वाटलं आता ही मीठ मागणार. पण काही बोलली नाही. झाकण जसंच्या तसं परत ठेवलं, आणि खुर्ची ओढून बसली.

मी झाकणाचं तिला कधीच सांगितलं नव्हतं गं. लिंबू होतं त्यात, आणि तरी!

उरलेलं सार आज आम्ही दोघींनी मिळून संपवलं. सेवास्तिताआजीला माझा वाकून नमस्कार, मामाला साधा.

लोभ आहे, आणि आता तो नक्की पोचतो.
तुझी,
ओतिलिया